आठशे पुस्तकं आणि पंपाची पाळी

सोमवार, ३ मार्च
विहारातली लायब्ररी रविवारी अकराला सुरू होणार. सेक्रेटरी संघमित्राने स्वतः फोन करून सांगितलं. आठशे पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. सॉफ्टवेअर फुकट आहे. ती म्हणाली, काका, तयारच मिळतं, एक क्लिक करा. तयार पिठावर रेघोट्या ओढणारी पिढी! मी मूळ कोडवरून घरीच बनवणार. लागतील ते सुटे भाग पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम नेटवरून आणतो. उद्या संपेल.

मंगळवार, ४ मार्च
संपलं नाही. एका भागाला आधी दुसरा हवा, दुसऱ्याला तिसरा, तोही जुना. बकुळा म्हणाली, आपल्या सुशांतच्या लग्नासारखंच की. मामा यायचा तर आधी मामीला मनवा, मामीसाठी तिच्या बहिणीला. बायकोला टेक्निकल समज नाही.

बुधवार, ५ मार्च
एकसष्ट भाग आले. मग लाल अक्षरं. चूक सॉफ्टवेअर बनवणाऱ्याची. त्याला कडक मेल केला. संघमित्राने विचारलं, किती पुस्तकं झाली? म्हटलं, पाया झालाय.

गुरुवार, ६ मार्च
मेलला उत्तर: सूचनांमधली दुसरी ओळ वाचा. सोपी वाटली म्हणून सोडली होती. पुन्हा पहिल्यापासून. संघमित्रा म्हणते, वहीत लिहिलं तर चालेल का? तीस वर्षं गोदीत जहाजं जोडली मी. वही?

शुक्रवार, ७ मार्च, संध्या. ५.४०
ब्याण्णव टक्के! या आठवड्यात चाळीच्या पाण्याच्या पंपाची पाळी माझी, साडेपाचची. पण पंप लावला की आमचा फ्यूज उडतो. दहा मिनिटांनी काय बिघडतं?

५.५५
चौऱ्याण्णव. कमळाबाई रिकामी कळशी घेऊन दारात. अजितराव, सव्वासहाला पाणी जातं, तुमचं मशीन भरणार आहे का आमची पिंपं?

६.०५
शहाण्णव. अख्खा मजला दारात. बकुळा उठली आणि पंप लावून आली.

६.०६
स्क्रीन काळी.

शनिवार, ८ मार्च
तत्त्व सोडलेलं नाही. फक्त वेळेअभावी तयारवालं घेतलं. चार मिनिटं लागली. उघडलं. एकूण पुस्तकं: शून्य.
सांगायला विहारात धावलो. संघमित्रा, बकुळा आणि कमळाबाई सतरंजीवर बसून वहीत लिहीत होत्या. मंगळवारपासून, रोज दुपारी. सातशे सत्त्याण्णव झाली होती. बकुळा म्हणाली, तीन तुमच्यासाठी ठेवलीत, अक्षर नीट काढा.
काढलं.
उद्या अकराला उद्घाटन. संध्याकाळचा पंप कमळाबाई लावतील, मजल्याने ठरवलंय. मला विश्रांतीची गरज होतीच.