दादांचा जुना नंबर

निंबोला,
१४ जुलै २०२५

प्रिय तृप्तीताई,

प्रतिभाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आईंनी आज सकाळी अर्धी भाकरी आणि मुगाची डाळ खाल्ली, वर डाळीत मीठ नाही म्हणून मला दोन शब्द सुनावले. म्हणजे समजा, बऱ्या झाल्या. सोबत तुमच्या आवडीचे केळीचे वेफर पाठवतेय, तिखट-मीठ वेगळं बांधलंय.

या जमान्यात वहिनी पत्र कशाला लिहिते, असं वाटेल तुम्हाला. काय करणार, आपल्या घरात फोन स्पीकरवरच चालतो. तुमचा आवाज आला की आई माझ्या हातातून फोन घेतात आणि मला चहा टाकायला पाठवतात. म्हणून हे कागद वेफरच्या डब्यात घालतेय.

काल तुमचा मेसेज आला, की दवाखान्याच्या यादीत दादाचा नंबर चुकला, बरोबर नंबर पाठवा. तुमचे दादा लगेच स्वतःचा पाठवायला निघाले होते. मीच थांबवलं. म्हटलं, थांबा, ताईंना मी लिहिते. ते थांबले.

तो नंबर चुकला कसा, ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. अखाजीच्या सणाला तुम्ही घरी आलात तेव्हाची गोष्ट. ओट्यावर बसून आईंच्या मनगटावर तो बँड बांधलात, नाडी बिघडली की आपोआप दवाखान्याला कळवणारा. टॉवर एकच असतो वहिनी, पण त्यात वेगवेगळे रस्ते पाडता येतात, त्याला आम्ही स्लाइस म्हणतो, असं तुम्ही समजावून सांगितलंत. एक रस्ता सगळ्या गावाचा, एक फक्त दवाखान्याचा. कितीही गर्दी होवो, दवाखान्याच्या रस्त्यात दुसरा कुणी घुसणार नाही. आणि कोणत्या सिमला आत सोडायचं, कोणाला गेटवरूनच परत पाठवायचं, हे पुण्यात बसून तुम्ही ठरवता. आई तुमच्याकडे अशा बघत होत्या, जसा काही तो टॉवर तुम्ही एकटीने उभा केलाय.

मग तुम्ही म्हणालात, पेशंटचा बँड आणि घरातला एकच फोन आत घेता येतो. मी चहाचा ट्रे धरून तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही मान वर न करता बोललात, "दादाचा टाकते, मला तोंडपाठ आहे." झालं. आईंच्या गोळ्या मी देते, पायाला तेल मी लावते, रात्री खोकल्या तर उठते मी. तुमचे दादा दिवसभर केळीच्या लिलावात, तिथल्या आरडाओरड्यात त्यांना स्वतःचा फोन ऐकू येत नाही. पण माझा नंबर तुम्हाला सुचलासुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता ताई. चहात साखर जास्त पडली म्हणालात ना, ती मुद्दाम नव्हती, हात ठिकाणावर नव्हता.

आणि तोंडपाठ असलेला तो नंबर कोणता, तर दादांचा जुना. व्हॉट्सॲप अजून त्याच नंबरावर चालतं, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. ते सिम त्यांनी केव्हाच काढून विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरमध्ये घातलंय. इकडे सगळेच तसं करतात, जुनं सिम मोटरीला. आपला स्टार्टर स्वस्तातला, कुणाचाही फोन आला की मोटर चालू. म्हणजे दवाखान्याच्या राखीव रस्त्यात तुम्ही आपली पाण्याची मोटर बसवलीत आणि मी राहिले बाहेर, गावाबरोबर. हे कळलं तेव्हा तुमचे दादा हसले. मला हसू आलं नाही.

ताप्ती जयंतीला आईंना घेऊन मी राजघाटावर गेले होते. ताप्तीमाईला चुनरी चढवायची म्हणून हट्टच धरला त्यांनी. घाटावर पाय ठेवायला जागा नाही, आणि ज्याच्या-त्याच्या हातात मोबाईल, सगळे लाइव्ह दाखवताहेत. ओटी भरून वर यायला निघालो आणि आई पायरीवर बसल्या. घामाने डबडबल्या, ओठ पांढरे. मी फोन लावते, लावते, लागतच नाही. दादांना नाही, दवाखान्याला नाही, कुणालाच नाही. वर नेटवर्क फुल दिसतंय आणि फोन मुका.

त्या वेळी बँडने आपलं काम केलं होतं. ते मी नाकारत नाही, नाकारलं तर जीभ झडेल माझी. दवाखान्याला कळलं, त्यांनी घरच्या नंबरावर फोन केला, आणि इकडे वावरात मोटर सुरू झाली. जयंतीचा लिलाव बंद म्हणून तुमचे दादा वावरातच होते, त्यांना वाटलं, कुणी पोरांनी खोडी केली. पावसाने आधीच चिखल, त्यात बागेत पाणी. ते शिव्या देत बंद करायचे, की दवाखान्याचा पुन्हा फोन, की मोटर पुन्हा चालू. शेवटी दवाखान्यानेच बँडचा ठिकाणा बघून ॲम्ब्युलन्स धाडली. ती गर्दीत खाली येईना, म्हणून फुलं विकणारी एक बाई आणि मी, दोघींनी आईंना हातांच्या झोळीत उचलून वर आणलं. माझी चप्पल घाटावरच राहिली.

आता जे लिहायचं म्हणून हे सगळं लिहिलं, ते लिहिते.

ॲम्ब्युलन्समध्ये आईंचे डोळे मिटलेले होते. माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. आणि हाक मारत होत्या, "तृप्ती... तृप्ती..." ताई, मी वाट बघितली. एकदा तरी प्रतिभा म्हणतील. शेजारी मी आहे, हात माझा आहे, नाव तुमचं. इतकी जळले मी त्या क्षणी, की हात सोडून द्यावा असं मनात आलं. ॲम्ब्युलन्समधला माणूस म्हणाला, "बात करते रहो, सोने मत दो." त्या पुन्हा म्हणाल्या, "तृप्ती, आलीस का गं?"

मी म्हटलं, "ओ आई. आले मी."

मग दवाखान्यापर्यंत मी तृप्तीच होते. पुण्याचा पाऊस सांगितला, ऑफिस सांगितलं, लग्नाला हो म्हणाले. तेवढं मात्र तुम्ही निस्तरा. त्या हसल्या आणि श्वास जरा मोठा घेऊ लागल्या.

आता भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, माझी लेक गाडीत होती, माझा हात धरून होती. लोकांना वाटतं, दुखण्यात भास झाला असेल. तुमचे दादा म्हणतात, बँडलाच तृप्ती म्हणत असेल. काल मालूबाई मावशी माझ्यासमोर म्हणाल्या, लेक ती लेक. मी त्यांना पाणी आणून दिलं.

ताई, दादांचा नंबर टाकू नका. कागदाच्या मागे माझा लिहिलाय, तो टाका. आपल्या इकडच्या लालबागच्या दुकानातून मी माझ्या स्वतःच्या नावाचं सिम आणलंय. हे मोटरीत जाणार नाही, कुणाला देणार नाही. आईंना काही झालं तर पहिला फोन मला आला पाहिजे. तुम्हाला नंतर मी कळवीन, लगेच कळवीन.

आणि एक. पुढच्या फोनवर आईंना सांगा की त्या दिवशी तुम्ही पुण्यात होतात. एवढंच सांगा. मी सांगू शकत नाही, त्यांचा आनंद माझ्याने मोडवत नाही, आणि न सांगता मला झोप लागत नाही. हात कुणाचा होता, ते त्यांनी तुम्हाला विचारलं, तरच माझं नाव घ्या.

तुमच्या नावाला ओ दिलेली,
प्रतिभा