ब्रेकचा बल्ब आणि माझी सही

११ मे १९८७
लागले नोकरीला! डिचोलीजवळच्या उघड्या कातळसड्यावरचा ग्लायडर क्लब. ग्लायडरला इंजिन नाही, पण रेडिओ बॅटरीवर चालतो. त्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, तपासायच्या, रजिस्टरात सही करायची. घरातली पहिली बी.एस्सी. — हाताखाली बॅटऱ्या दोन! बाबांनी गावात, लाटंबार्शात, सांगूनही टाकलं, "आमचें चेडूं विमान चलयता." मुलगी विमान चालवते म्हणे!

१४ मे
मीटर लावला. १२.६ व्होल्ट. दोन्ही पास. झोकदार सही. मेकॅनिक मधुकरमामा बेळगावचे. म्हणाले, "रिकाम्या गाडीचा बैल तगडाच दिसतोय की हो बाई. बल्ब लावून बघा." मी त्यांना ओहमचा नियम समजावला. वीस मिनिटं! ते तंबाखू मळत ऐकत होते.

१९ मे
क्लबचे वैमानिक श्रीनाथ सर ३१ तारखेला मला मागच्या सीटवर बसवणार. मला! वर!

२२ मे
सर वर असताना पंधराव्या मिनिटाला रेडिओ बंद. एक नंबरची बॅटरी. खाली मी "हॅलो, हॅलो" — देवाला हाक मारावी तशी. उत्तरही तसंच. सर सुखरूप उतरले. ओरडले नाहीत. माझ्या सहीकडे नुसतं पाहिलं. ओरडले असते तर बरं.
मामा म्हणाले, ही गेल्या पावसाळ्यात चार्ज न करता पडून होती. मीटरला भरलेली दिसते, काम दिलं की बसते. म्हणजे बैल!

२३ मे
आता नीट. पूर्ण चार्ज, मग गाडीच्या ब्रेकचा बल्ब जोडायचा. दर दहा मिनिटांनी व्होल्ट लिहायचे. व्होल्ट अकरावर आले की थांबायचं, नाहीतर तपासणारीच बॅटरी मारते. दोन तास टिकली तर पास. हे सगळं पुस्तकात होतं. मी ऑप्शनला टाकलं होतं.

३० मे
गोवा आज राज्य झालं. बाजारात पेढे, शिवाय राजभाषेचं भांडण. मी शेडमध्ये बल्बासमोर. दोन नंबर — पन्नासाव्या मिनिटाला अकरा!
एक नंबर आधीच बाद, तिसरी बॅटरी नाही. उद्या आई, बाबा, अर्धं लाटंबार्से मला उडताना बघायला येणार. टेम्पो ठरलाय. शेडमध्ये कुणी नव्हतं. माझं उड्डाण तर दहाच मिनिटांचं... हिशेब चारदा केला. चारही वेळा माझ्या बाजूनं सुटला. तेव्हाच संशय आला.
लिहिलं — नापास. सही केली. झोक काही आला नाही.

३१ मे
टेम्पो आला. आई नव्या लुगड्यात. सरांनी बाबांना रजिस्टर दाखवलं, "आज उड्डाण नाही. हिनं बॅटरी नापास केलीय." मी चप्पल बघत उभी.
बाबा म्हणाले, "म्हणजे हिणें ना म्हळ्यार विमान उडना?"
"नाही उडत," सर म्हणाले.
बाबा टेम्पोकडे वळून ओरडले, "आयकलें मरे? आमच्या बायन ना म्हळें!"
सगळे खाली उतरले, रजिस्टरातली माझी सही बघायला. ग्लायडरकडे कुणी बघितलंच नाही.