कठड्यापलीकडचा निवडुंग

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे. स्टूल मी बरोबर नेते आहे, शोधत बसू नका. रागवायचं असेल तर आल्यावर रागवा.

आई गॅलरीतून पडून गेली ती कठड्याबाहेरच्या जाईला पाणी घालताना. जाई मी काढून टाकली, तर तुम्ही त्याच हुकाला निवडुंग टांगलात. "याला रोज पाणी घालायला कोण मरायला जातंय?" असं तुम्हीच म्हणालात. मलाही हायसं वाटलं, कारण निवडुंगाला पंधरवड्यातून एकदा पाणी पुरतं.

आज सकाळी कठड्यावरच्या धुळीत तुमच्या अनवाणी पावलांचे ठसे दिसले. परवाही होते, ते मी पुसले. कुंडीतली माती बोट घालून पाहिली. ती खालपर्यंत कोरडी ठणठणीत आहे. म्हणजे तुम्ही तिथे पाणी घालायला चढत नाही.

ऑफिसात रजेचा अर्ज देऊन मी दहापर्यंत परत येते. तोवर शेजारच्या काकू येऊन बसतील. त्यांना मीच सांगितलंय. त्यांनी बेल वाजवली की दार उघडायला उशीर लावू नका, बाबा.