वर्गातला नाका

१८ फेब्रुवारी

चि. इव्हेरेनला अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? डोक्यावरून पाण्याचे हंडे आणणं थांबवलंस का? माझ्या नातीचा, डूशिमाचा कान वाहत होता असं तुझ्या मावशीकडून कळलं, तो सुकला का? तिचे पुढचे दात पडले असतील. सासूबाईंच्या सांध्यांना कडुलिंबाच्या पाल्याचा शेक दे. इकडे तुझी आई ठणठणीत आहे. भेंडीच्या सुपात मीठ घालायला विसरते आणि वर मलाच म्हणते, "तुमची जीभ म्हातारी झाली." मी बरा आहे, गुडघा सोडून.

शाळेत मला अजून ठेवलंय. ट्रकवरच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलेला माणूस मी, तरी दुसरीचा वर्ग माझ्याकडेच. यंदा दोन धडे लागोपाठ आलेत. एक सुरक्षा यंत्रणांचा, दुसरा जमात आणि जमातवादाचा. पहिल्यात पोलीस, सैनिक, कस्टमवाले इस्त्रीच्या कपड्यांत हसतायत. दुसऱ्याच्या शेवटी प्रश्न: सगळ्या जमाती समान आहेत का? हो किंवा नाही. झालं! पुस्तक लिहिणाऱ्याला आठवडाभर आमच्या बाकावर बसवावं असं वाटतं.

मुख्याध्यापक ओचे म्हणतात, "बाबा, पाठ करून घ्या. परीक्षेत तेवढंच येतं."

"अहो, परीक्षेनंतर ही पोरं घरी जातात ना?"

"घरचं आपल्याकडे नाही."

मंगळवारी मीच शहाणपणा केला. म्हटलं, खेळून दाखवा, कोण पोलीस, कोण सैनिक. वाटलं, हरवलेल्या मुलाला कुणीतरी घरी पोहोचवेल. खडू आणायला गेलो आणि परत येतो तो काय, वर्गातल्या सेसूगने उडीची दोरी रस्त्यावरच्या नाक्यासारखी दोन बाकांना बांधलेली, खांद्यावर बंदुकीसारखी काठी.

"उतरा खाली! हात वर! नाव? बाप कुठला? घरात कोणती भाषा बोलता?"

आपल्या तीव जमातीची मुलं खिडकीखाली, जुकुन जमातीची दाराजवळ. तिसऱ्याच, हौसा जमातीच्या मुलीला म्हणाला, "तू जा गं, आज तुझं काही नाही." पोरं खिदळत होती. नियम कुणी विचारला नाही. सगळ्यांना तो पाठ होता, आणि मी तो शिकवलेला नव्हता.

मग केझियाची पाळी आली. तिचा बाप तीव, आई जुकुन.

"माझं काय?"

"बापाकडे जा."

"म्हणजे आई दाराजवळ एकटी?"

सेसूगने डोकं खाजवलं. "मग तू गाडीतच बस."

आणि ती बसली गं. मांडीवर हात ठेवून, रिकाम्या बाकावर.

मी ओरडलो, दोरी ओढून काढली. सेसूग रडायला लागला. "सर, मी बरोबरच केलं ना? काकाला असंच गाडीतून उतरवलं होतं."

"पोलीस असं करत नाहीत."

"मग ते कोण होते?"

पुस्तकात त्यांचं चित्र नाही. मी फळा पुसत राहिलो. तेवढ्यात केझियाने विचारलं, "सर, तुमच्या घरी तिकडचं, जुकुन कुणी आहे?"

मी म्हणालो, "नाही."

अडतीस मुलांसमोर म्हणालो.

सात वर्षांपूर्वी अंग्यू तुला मागणी घालायला आपल्या अंगणात आला, टोपी हातात धरून. सोबत त्याचे वडीलधारे, कंद, कोंबड्या. मीही हेच विचारलं होतं, बाप कुठला. त्याने अदबीने सांगितलं, जुकुन. मी म्हणालो, उचला हे सगळं. तू दारात उभी होतीस. माझ्याकडे फक्त काठी नव्हती.

आता खरं सांगतो. आपल्या तीवांत बापाने लग्नात मुलीच्या सासरचं काही घेतलं नाही, तर तिचं मूल आजोळच्या घराण्याचं धरतात. तू त्याच्याबरोबर निघून गेलीस तेव्हा रागात मला याची आठवणही नव्हती. भाऊबंदांना आहे. गेल्या महिन्यात बैठक झाली. तुझा चुलता म्हणाला, "दादा, तू काहीच घेतलं नाहीस, म्हणजे इव्हेरेनची पोरगी आपली. त्या जुकुनांच्यात कशाला वाढवायची?" ईस्टरच्या आधी ते तिला न्यायला तुझ्या दाराशी येणार आहेत. मी नको म्हणालो, तर हसले. "तूच तर रस्ता मोकळा करून दिलास," म्हणाले. आणि ते खोटं नाही, याचाच मला संताप येतो.

नात मला हवी आहे. तिचा आवाजसुद्धा मी ऐकलेला नाही. पण अशी ओढून आणलेली नको.

त्यांच्या आधी अंग्यूला घेऊन ये. एक कोंबडी आणली तरी चालेल, मी सगळ्या भाऊबंदांसमोर दोन्ही हातांनी घेईन. मग डूशिमा तिच्या बापाची, कुणाला बोट दाखवता येणार नाही. तो यायचं नाही म्हणाला तर त्याचा हक्क आहे, त्याच्याशी भांडू नकोस. मला कळव, मी तिकडे येईन. नदी पार करायला मला अजून जमतं.

हो म्हण किंवा नाही म्हण, पण लवकर लिही. बाजाराच्या ट्रकवाल्याकडे चिठ्ठी दिलीस तरी पोहोचते.

अंग्यूला माझा नमस्कार सांग. सात वर्षांतला पहिलाच आहे, म्हणून जरा हळूच सांग.

तुझा बाप,
ओर्कुमा