पडद्यावरचं ‘तू’

शनिवार, ८ जून २०१३. संध्याकाळी सात चाळीस.

या वेळेला माझी चोरी झाली. फिल्म क्लबच्या तिसऱ्या रांगेत, माझ्या डोळ्यांदेखत! मॉन्तेविदेओतल्या दीडशे लोकांसमोर! तारीख-वेळ आधी घातली आहे. शाळेत मदर बेनीता म्हणायची, “तक्रार करायची तर वेळ लिही. नाहीतर ते नुसतं रडगाणं.”

सिनेमा गास्तोनचा. खालच्या मजल्यावरचा पोरगा, तिशीत दाढी वाढवून दिग्दर्शक झालाय. उन्हाळ्यात दोन रविवार त्याला आमचं घर दिलं होतं. “एल्विराताई नुसत्या पाठमोऱ्या बसतील, बस्स!” म्हणाला. मी मैत्रिणीकडे, नोर्माकडे जेवायला गेले.

तर पडद्यावर मिकाएला नावाची नटी एल्विराचे केस विंचरते. एल्विरा मान वळवते. तिचा हात धरते. “बेबा! किती उशीर केलास गं! तू आल्याशिवाय मी जेवले नाही.”

बेबा मी आहे! घरातलं माझं नाव!

माझी ही थोरली बहीण, एल्विरा, दोन वर्षं मला ‘तुम्ही’ म्हणते. पगारी नर्स समजते. आज घरी आले तर — “बाई, तुम्हाला न्यायला कुणी येतं का?”

रविवार, ९ जून

चर्चमध्ये मिस्साला गेले नाही. माझी मला लाज वाटेल असे शब्द डोक्यात होते.

निवृत्त झाल्यापासून दर आठवड्याला असले सिनेमे बघते, तेव्हा बोलायचा हक्क आहे. पैसा नाही म्हणून संवाद नाहीत. संवाद नाहीत म्हणून खिडकी. खिडकीत बाई. मागे किटली बोंबलतेय, उठून बंद कुणी करत नाही — याला म्हणे मौन! आणि सगळं कृष्णधवल. रंगालाही पैसे पडतात वाटतं. तरी आवडायचं मला. खरी भांडी, उघड्या बल्बचा उजेड, न रंगवलेले चेहरे. “खरं असतं गं ते,” म्हणून नोर्माशी भांडले आहे.

घ्या आता खरं! कुणाच्या तरी घरातून उचललेलं असतं ते.

शेजारची बाई नाक पुसत म्हणाली, “म्हातारी काय काम करते हो!”

काम!

बुधवार, १२ जून

गास्तोनला जिन्यात गाठलं.

“तो प्रसंग काप.”

“ओफेलियाबाई, तो कापला तर उरतं काय?”

“खिडकी उरते.”

हसला मेला! मग म्हणाला, “खरंच सांगतो, आम्ही शिकवलं नव्हतं. संहितेत मुलीचं नाव क्लारा. मिकाएला समोर आली आणि ताई एकदम बोलायलाच लागल्या.”

“समोर आली म्हणजे कशी?”

“कशी म्हणजे? प्रसंग थंडीतला, कपड्यांना पैसे नाहीत. तुमच्या कपाटात एक हिरवा स्वेटर मिळाला, तो चढवला तिला.”

आईने विणलेला. माझ्या पंचविशीतला. कृष्णधवलात मला ओळखू आला नाही. मलाच!

न विचारता कपाट उघडलं. भुरटा!

गुरुवार, १३ जून

स्वेटर घातला. बटणं लागेनात. तशीच कंगवा घेऊन एल्विरासमोर जाऊन बसले.

तिने बाही हातात घेतली. कुरवाळली. मी कंगवा पुढे केला.

“हा माझ्या बहिणीचा आहे,” म्हणाली. “एवढ्यात येईल ती. काढून ठेवा, बाई. फार रागीट आहे.”

काढला. घडी घातली.

रविवार, १६ जून

देवाकडे मागण्यासारखं काही सुचलं नाही. नुसती बसून आले.

मंगळवार, १८ जून

गास्तोनच्या दाराखालून सरकवायचं ते असं:

प्रसंग कापू नकोस. मिकाएलाला रविवारी दुपारी वर पाठव. स्वेटर खुर्चीवर ठेवलेला असेल. एल्विरा ‘बेबा’ म्हणेल, तिने ‘ओ’ द्यावी. उशीर झाला म्हणावं आणि तिच्याबरोबर जेवावं. पानं दोघींचीच मांडेन. मी स्वयंपाकघरात असेन, दार नुसतं लोटलेलं.

लेखी उत्तर शुक्रवार, २१ जून, दुपारी बाराच्या आत. तोंडी चालणार नाही.