‘बर्जन’साठी एक उदाहरण

२ सप्टेंबर
नाहीच सुचत! अख्खा दिवस एका इंग्रजी क्रियापदात गेला. बर्जन. आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचं ‘बी’ अक्षर संपत आलंय आणि मी इथेच अडकून बसलेय. अर्थ अवघड नाही: झपाट्याने वाढू लागणे, फोफावणे. मुळात कोंब फुटणे. घोडं अडलंय ते उदाहरणाच्या वाक्यावर. आमच्या संपादकांचा नियमच आहे, टेबलाशी बसून वाक्य रचायचं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं. वाक्याची चिठ्ठी पुढे केली की एकच प्रश्न, “कुठे पाहिलंत?” ऑफिसात पाठीमागे त्यांचं नावच ते पडलंय.

मी लिहिलं, आमच्या भागात दुकानं फोफावली.

“कुठे पाहिलंत?”

काय सांगणार! कोपऱ्यावरचं एक होतं तेही बंद पडलं. झपाट्याने वाढणारं मी पाहिलंय तरी काय? आमच्या घरात तर वाढ म्हणून नाही.

५ सप्टेंबर
टिकलीला डॉक्टरांकडे नेलं. बारावं लागलंय लेकीला, आणि वर्गात सगळ्यांत बुटकी. ‘टिकली’ हे आम्ही लाडाने ठेवलेलं नाव, आता वर्गातली मुलंही चिडवायला तेच म्हणतात. डॉक्टर म्हणाले, “नोव्हेंबरपर्यंत वाट बघू. घरी मोजत जा. नाहीच वाढली तर तपासण्या करून इंजेक्शनं सुरू करू. त्यापुढे उशीर नको हं, वाढीचं वय निघून जाईल.”

येताना टिकली वाटभर चपलेने खडे उडवत होती. मी रागावलेही नाही.

११ सप्टेंबर
दाराच्या चौकटीवर खूण करून मोजलं. तसूभरही नाही. मला रडूच फुटलं — तिच्यासमोर! तिने पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि कपाटात ठेवून दिली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, सारखं मोजून पोर वाढते होय? जेवू दे तिला निवांत.” मी फटकन काहीतरी बोलले. जीव थाऱ्यावर नाही माझा.

१९ सप्टेंबर
नवी चिठ्ठी दिली: काळजी फोफावली. संपादकांनी चष्मा वर केला. “हे पाहिलंत, पटलं. पण हे क्रियापद बहुधा हव्याशा वाढीला लावतात. व्यापार, मैत्री, हौस. नकोशा गोष्टी आपल्याकडे बोकाळतात, माजतात. हे तसलं नाही.”

म्हणजे माझ्या घरात बघून लिहिण्यासारखं हे क्रियापदच नाही!

३ ऑक्टोबर
वाढली! वाढली! आंघोळ करून, तिचा पायघोळ गाऊन घालून आली आणि आपणहून दाराच्या चौकटीला टेकली. “मोज ना, आई.” पेन्सिलीची खूण आधीच्या खुणेच्या वर! पुन्हा मोजलं. वरच! ह्यांना ऑफिसात फोन केला तर म्हणतात, “ओरडू नकोस, मिटिंगमध्ये आहे,” आणि मग स्वतःच “काय सांगतेस!” म्हणून ओरडले.

१७ ऑक्टोबर
आणखी थोडी वर. आज मी भाजीत दोनदा मीठ घातलं. सासूबाई म्हणाल्या, “हसत घातलंस ना, मग खाऊ आम्ही.” किती दिवसांनी सगळे एकदम हसलो. टिकली माझ्याकडेच बघत होती.

तरी रोज सकाळी धाकधूक होतेच. थांबली तर?

२८ ऑक्टोबर
मुलगी झपाट्याने उंच होतेय, असं लिहून नेलं. संपादक म्हणाले, “एकट्या माणसाच्या उंचीला बर्जन नाही म्हणत. पण तिच्यामुळे घरात आणखी काही वाढलं असेल, ते बघा.”

६ नोव्हेंबर
शाळेचा स्कर्ट अजून गुडघ्याखाली तस्साच. शिंप्याने उंची जास्तच धरली असणार.

डॉक्टरांची पुढच्या आठवड्याची वेळ रद्द करून टाकली. टिकलीला म्हटलं, “सुटलीस! टळली इंजेक्शनं!” वाटलं उड्या मारेल. तर ताटातलं तसंच टाकून उठली. काय झालंय हिला? शाळेत कोणी काही बोललं की काय?

११ नोव्हेंबर
मंजूर! ‘तिच्या घरात आशा फोफावू लागली.’ मी श्वास रोखून उभी होते. संपादकांनी चिठ्ठी वाचली, मग माझा चेहरा पाहिला, आणि सही केली. “कुठे पाहिलंत” विचारलंच नाही!

१२ नोव्हेंबर
आज टिकली शाळेतून आली ती तडक चौकटीपाशी. शाळेचाच स्कर्ट, पाय अनवाणी, टाचा मागे घट्ट टेकवलेल्या. “आता मोज.” खूण सप्टेंबरच्याच खुणेवर. गाऊनच्या आत ती चवड्यांवर उभी राहत होती.

डॉक्टरांना फोन केला. उद्या या म्हणाले.

मग तिला जवळ घेऊन विचारलं, का गं असं केलंस?

“तू हसायला लागली होतीस ना.”