कुठलीही अट न घालता

मी खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा इमारतींना परांची बांधण्याचा, आता घरी बसून, डोके ठिकाणावर असताना आणि मानेवर कोणी बसलेले नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांचा दिला नाही. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे, सगळीच्या सगळी, रद्द समजावीत.

मला दोन अपत्ये. मुलगा परगावी नोकरीला. थोरली मुलगी, जिला आम्ही चिमणी म्हणतो, वयाने चाळिशी ओलांडलेली, बुद्धीने पाच-सहा वर्षांची. तिची आई वारली तेव्हापासून वेणी मीच घालतो, वाकडी येते. आधीच्या प्रत्येक मृत्युपत्रात मी एकच उद्योग केला: माझ्यामागे तिचे कसे होईल, याची तजवीज. कोणाला काही दिले की मागे शेपूट लावले, 'चिमणीला सांभाळले तर'. रविवारी चर्चमध्ये उभा राहून 'प्रभूवर माझा भरवसा आहे' म्हणायचो आणि सोमवारी वकीलबाईंकडे धावायचो. उंचावर काम केलेल्या माणसाला पाय टाकण्याआधी दोर ओढून बघायची सवय असते. देव काही ओढून बघता येत नाही.

गेल्या थंडीत मी आतून कडी लावलेल्या मोरीत कोसळलो. शुद्धीवर आलो तो इस्पितळात, घशात नळी, तोंडातून शब्द फुटेना. पोर जेवली का, दार उघडेच आहे का, जीव नुसता कासावीस. कोणाला काही सांगून ठेवलेले नव्हते. मग, दुसरे काही करताच येत नव्हते म्हणून, मनात म्हणालो, "देवा, आता तूच बघ बाबा. माझ्याच्याने होत नाही." ही काही थोर प्रार्थना नव्हे. दमलेल्या माणसाने हात टेकले होते.

घरी आलो तर गल्लीतली इस्त्रीवाली बाई माझ्याच ओट्यापाशी उभी, आणि चिमणी चादरींच्या घड्या घालत बसलेली. वेणी सरळ. चर्चमधल्या बायकांनी सोबतीला पाळ्या लावल्या होत्या, पाळक रोज चक्कर मारून जात होते. चिमणीने मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, चप्पल बाहेर काढ." बस्स, एवढेच. मला हायसे वाटायला हवे होते, पण खरे सांगतो, आधी रागच आला. एवढी वर्षे हिचा आधार मीच, असे धरून चाललो होतो. मग आत जाऊन पोटभर रडलो.

सबब, पुढीलप्रमाणे.

एक. राहते घर चिमणी आणि इस्त्रीवाली बाई या दोघींच्या नावे. वकीलबाई म्हणाल्या, "काका, अट घाला हो. उद्या तिने पोरीकडे बघितलंच नाही तर?" भीती खोटी नाही. मी सरळ त्या बाईलाच विचारले. ती तडकली, "भाऊ, तुम्ही तिकडे पडला होता, तेव्हा पोरीला जेवायला घालायला मला कागद लागला होता का?" अट खोडली.

दोन. बँकेत जे काही असेल ते मुलाला. 'घर विका, चिमणीला संस्थेत ठेवा' असे तो फोनवर म्हणाला होता, ते मी विसरलेलो नाही. इस्पितळात माझी लघवीची बाटली त्यानेच धरली, तेही विसरलेलो नाही. दर महिन्याला बहिणीला भेटावे ही अट होती, तीही काढली. वाटले तर येईल. ये रे बाबा.

तीन. शेजारच्या गवंड्याने नेलेली माझी शिडी आता त्याचीच. माळ्यावरचे दोर आणि फळ्याही त्यानेच न्याव्यात, म्हणजे भांडायला काही उरणार नाही. मी त्याला चारचौघांत चोर म्हणालो होतो. त्याच शिडीवर चढून त्याने मोरीची खिडकी फोडली आणि मला बाहेर काढले. शब्द मागे घेतो.

चार. शवपेटी साधी असावी. पाळकांनी भाषण लांबवू नये, त्यांना खोड आहे. चिमणीला 'बाबा कामावर गेला' असे कोणीही सांगू नये, ती दारात बसून राहील. बाबा मेला, प्रभूकडे गेला, असेच सांगावे. रडेल. रडू द्यावे.

वकीलबाईंच्या मसुद्यात शेवटी एक ठरलेले वाक्य आहे: 'सदर मिळकतीवर कोणताही बोजा नाही.' ते वाचून त्यांनी विचारले, "बरोबर ना, काका?"

मी म्हणालो, "होता हो. पोरीचं कसं होईल, हा. चाळीस वर्षं वाहिला. आता ज्याची ती आधीपासून आहे, त्याच्याकडे देतोय. मी दमलो."

"मग काय लिहू?"

"लिहा. कोणताही बोजा नाही."

सही: परांचीवाला, चिमणीचा बाप

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१. पाळक
२. डॉक्टर

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: महिन्याचा दुसरा सोमवार, चिमणी दुपारची झोपलेली असताना